साखरेमागून पाणी



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रुग्ण सर्वांत जास्त येत, असे त्यांच्या घरच्यांकडून कळले. पावसाळ्यात जुलाबांनी गळून गेलेली लहान मुले आणि बारा महिने मधुमेहाची माणसे. त्यावरूनच आजचा विषय सुचला. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत आले. आमच्या पाठ्यपुस्तकांत रक्तातली साखर एका प्रकरणात असते आणि शरीरातल्या पाण्याचा तोल दुसऱ्या. मध्ये शेकडो पाने. विद्यार्थी दोन्ही प्रकरणे वेगवेगळी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत वेगवेगळी लिहितात. मग वॉर्डात एखादे मूल येते, ज्याची साखरही बिघडलेली असते आणि पाणीही, आणि त्यांना कळत नाही की सुरुवात कुठून करायची. म्हणून आज ही दोन प्रकरणे मला एकत्र मांडायची आहेत.

ती एकत्र आहेत हे माणसाच्या नजरेला फार पूर्वी आले होते. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या विकारांची, पूर्वलक्षणे दिली आहेत. त्यांत तोंड, टाळू आणि घसा कोरडा पडणे आहे, तहान आहे, आणि अंगाकडे व लघवीकडे मुंग्या धावणेही आहे. तहान आणि मुंग्या एकाच यादीत! ज्याने ही यादी केली त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, रसायनशाळा नव्हती. त्याने फक्त रुग्णाकडे नीट पाहिले होते. १७७६ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णाची लघवी आटवून पाहिली. खाली पांढरट, साखरेच्या चवीचा थर उरला. मग त्यांनी रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रव चाखला, तोही गोड लागला. म्हणजे मूत्रपिंड ही साखर तयार करत नव्हते, ती रक्तातूनच येत होती.

१८८९ मधली स्ट्रासबर्गची हकीकत मला याहून महत्त्वाची वाटते. ओस्कार मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रिया करून काढले. चरबीच्या पचनाशी या अवयवाचा काय संबंध, एवढेच त्यांना पाहायचे होते. कुत्रा शिकवलेला होता, घरात घाण न करणारा. शस्त्रक्रियेनंतर तो प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा लघवी करू लागला, बाहेर नेऊन आणले तरी. मिन्कोव्स्कींनी ती लघवी तपासली आणि तिच्यात भरपूर साखर सापडली. स्वादुपिंडाचा आणि मधुमेहाचा संबंध जगाला अशा रीतीने कळला. साखर नंतर दिसली. आधी दिसले ते वाहून जाणारे पाणी.

आता साखरेचा व्यवहार पाहू. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यात साखर किती, तर ५ ग्रॅमच्या आतबाहेर. चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे रक्तातला हा चमचा दिवसभरात पुन्हा पुन्हा रिकामा होतो आणि पुन्हा पुन्हा भरला जातो, तरी त्याची पातळी फारशी हलत नाही. ती १०० मिलिलिटर रक्तामागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. ५४ च्या खाली मेंदू गोंधळू लागतो.

हा चमचा भरतो कोण? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की साखर बनवणे वनस्पतींचे काम, प्राणी ती फक्त खातात आणि जाळतात. पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी हा समज मोडला. त्यांचा १८५५ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे, कारण इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो. केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचे यकृत त्यांनी काढले आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाण्याची धार सोडली. बाहेर पडणाऱ्या पाण्यात साखरेचा अंशही येईनासा होईपर्यंत यकृत धुतले. मग ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले, तर धुऊन निघालेल्या त्या यकृतात साखर भरपूर होती! रक्त नाही, अन्न नाही, प्राणी जिवंत नाही, आणि यकृत साखर तयार करते आहे. म्हणजे साखरेचा कच्चा माल यकृतात आधीपासून साठवलेला असणार. दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, बर्नार यांनी तो साठा वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन. आपल्या यकृतात ते साधारण १०० ग्रॅम असते. स्नायूंत त्याच्या चौपट असते, पण स्नायू आपला साठा स्वतःच वापरतात, रक्ताला परत देत नाहीत.

पेशींभोवतीचा द्रव स्थिर राहिला तरच प्राणी बाहेरच्या हवापाण्यापासून मोकळा होतो, हा विचारही बर्नार यांचाच. पुढे अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी या स्थैर्याला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले.

जेवणानंतर काय घडते ते पाहा. साखर वाढते आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत शिरते. तिथे ती जळते, तिच्यातून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे पोटॅशियमचे मार्ग बंद होतात, कॅल्शियम आत येते आणि साठवलेले इन्सुलिन बाहेर पडते. साखर मोजणारी आणि तिला उत्तर देणारी पेशी एकच आहे, मध्ये निरोप्या नाही. हे इन्सुलिन प्रथम यकृतात जाते आणि त्यातले निम्मे तिथेच खर्ची पडते, कारण पहिला आदेश यकृताला असतो: साखर सोडणे थांबव, साठव. उरलेले इन्सुलिन स्नायूंकडे आणि चरबीकडे जाते. तिथे ग्लुकोजला आत येण्याची दारे पेशीच्या पोटात, बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात. इन्सुलिन आले की त्या पिशव्या सरकत पेशीच्या पृष्ठभागावर येतात, तिथे दारे बसतात आणि साखर आत जाते. इन्सुलिन ओसरले की दारे परत आत. पाण्याचे प्रकरण उघडल्यावर आपल्याला हीच युक्ती पुन्हा भेटणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

जेवण नसले की उलटा क्रम चालतो. ज्येष्ठातली निर्जळा एकादशी पाळणाऱ्यांच्या शरीरात त्या एका दिवसात काय काय चालते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. इन्सुलिन उतरते आणि त्याच्या उलट काम करणारे स्वादुपिंडाचे दुसरे संप्रेरक, ग्लुकागॉन, चढते. यकृत प्रथम ग्लायकोजेन मोडते. तो साठा साधारण दिवसभरात बराच आटतो आणि तोवर यकृताने दुसरे काम हाती घेतलेले असते, प्रथिनांच्या घटकांपासून, लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवे ग्लुकोज बनवण्याचे. मूत्रपिंडही त्यात हातभार लावते. उपवास आठवड्यांवर गेला तर मेंदूच आपला आहार बदलतो. बोस्टनमध्ये जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात स्वेच्छेने दीर्घ उपवास करणाऱ्या माणसांवर हे मोजले. मेंदूच्या गरजेतला मोठा वाटा चरबीपासून बनलेल्या कीटोन पदार्थांतून भागत होता. हे झाले नसते, तर उपाशी माणसाचे स्नायू साखर बनवण्यातच वितळून गेले असते.

पण त्याच ज्येष्ठ एकादशीला पाणीही वर्ज्य असते, आणि हवा तापलेली असते. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत, उरलेले बाहेर, आणि रक्तद्रवात जेमतेम ३ लिटर. घाम आणि श्वासावाटे पाणी जाऊ लागले की रक्त किंचित घट्ट होते. हा फरक एक-दोन टक्क्यांचा असला तरी मेंदूला कळतो. केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी १९४७ मध्ये कुत्र्यांवरचे आपले प्रयोग मांडले. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत थोडेसे खारे पाणी सोडले की लघवी लगेच कमी होते, हे त्यांनी दाखवले. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी घट्ट रक्तात आकसतात. त्या आकसण्यातूनच दोन हुकूम निघतात. एक तहान. दुसरा व्हॅसोप्रेसिन, मेंदूत तयार होऊन पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरणारे संप्रेरक.

व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडात पोहोचते आणि तिथे काय करते? शेवटच्या नलिकांच्या पेशींत पाण्याची दारे बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात. संप्रेरक आले की पिशव्या सरकतात आणि दारे पृष्ठभागावर बसतात. अगदी इन्सुलिनसारखेच! पाणी पेशीत शिरते कसे, हे कोडे जुने होते. पाण्याची ही दारे म्हणजे ॲक्वापोरिन. ती पीटर ॲग्री यांनी १९९२ मध्ये सिद्ध केली आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दारे बसली की नलिकेतले पाणी शरीरात परत येते आणि लघवी घट्ट होते. मात्र शरीरातली टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकायला रोज काही लघवी व्हावीच लागते, आणि मूत्रपिंडाने कितीही घट्ट केली तरी ती साधारण अर्ध्या लिटरखाली उतरवता येत नाही. पाणी राखण्याची मर्यादा तिथे संपते. पुढे फक्त प्यायलेले पाणी.

आणखी एक साम्य सांगते. उन्हातून आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले की तहान लगेच भागते. वास्तविक ते पाणी रक्तात उतरायला वेळ असतो. तरी घशातल्या आणि पोटातल्या जाणिवेवरून मेंदू व्हॅसोप्रेसिन काही मिनिटांतच कमी करतो. इन्सुलिनही असेच थोडेसे आधी सुटते, अन्न तोंडात असताना, साखर वाढण्यापूर्वी. बिघाड झाल्यावर दुरुस्ती, एवढेच शरीर करत नाही. येणाऱ्याची तयारी ते आधीच करते.

इथपर्यंत दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी चालली. मूत्रपिंडात ती एकमेकांत मिसळतात. रोज सुमारे १८० लिटर द्रव मूत्रपिंडात गाळला जातो. म्हणजे ३ लिटर रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो! लघवी होते साधारण दीड लिटर. या १८० लिटरांबरोबर १६० ते १८० ग्रॅम साखरही गाळली जाते, आणि निरोगी माणसाच्या लघवीत ती जवळपास सापडत नाही, कारण नलिकेच्या सुरुवातीलाच तिला सोडियमच्या जोडीने परत आत घेतले जाते. या परतीला मर्यादा आहे. रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की परत घेणारी यंत्रणा अपुरी पडू लागते. उरलेली साखर नलिकेत राहते आणि आपल्याबरोबर पाणी अडवून धरते. व्हॅसोप्रेसिनने दारे पूर्ण उघडली तरी ते पाणी परत येत नाही. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला लघवी जास्त होते आणि म्हणूनच त्याला तहान लागते. ‘पाणी जास्त पितो म्हणून लघवी जास्त होते’ असे घरोघर ऐकू येते. इथे क्रम उलटा असतो. पाणी आधी जाते, तहान नंतर येते.

लहान मुलाला टाइप १ मधुमेह होतो तेव्हा बीटा पेशी नष्ट झालेल्या असतात, इन्सुलिन जवळजवळ नसतेच. यकृताला थांबायचा आदेश मिळत नाही. भरल्या रक्तात ते आणखी साखर ओतत राहते आणि चरबी मोडून कीटोन आम्ले बनवत राहते. मूल रात्री उठून पाणी मागते. अंथरूण ओले न करणारे मूल पुन्हा ओले करू लागते. वजन उतरते. घरात रागावतात, शाळेत वारंवार बाहेर जाऊ देत नाहीत. मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात चालणारा श्वास, आणि कुणी अपेंडिक्स म्हणते, कुणी दमा. अशी मुले मी पाहिली आहेत. हे सांगताना आजही माझा घसा दाटून येतो, कारण एक थेंब रक्त किंवा थोडी लघवी तपासली असती तर निदान त्याच दिवशी झाले असते.

अशा मुलाच्या शरीरातून त्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी गेलेले असते. उपचाराचा क्रम मी विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेत असे. आधी शिरेतून मीठपाणी, मोजून. इन्सुलिन साधारण तासाभराने. पोटॅशियमवर डोळा. साखर बिघडलेल्या आजारात पहिले औषध पाणी का, याचे उत्तर आतापर्यंतच्या सगळ्या विवेचनात आहे. आणि पाणी घाईने ओतायचे नाही, कारण मुलाच्या मेंदूला सूज येऊ शकते.

१९२२ पूर्वी अशा मुलांसाठी उपासमारीच्या आहारापलीकडे काही नव्हते. टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप आणि जॉन मॅक्लाउड यांच्या कामातून इन्सुलिन हाती आले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा त्याचे वजन ३० किलोही नव्हते. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शने सुरू झाली आणि लघवीतली साखर जवळजवळ नाहीशी झाली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला.

आता आतड्याकडे येते. साखर आणि सोडियमची जोडी सर्वांत मोठे काम तिथे करते. आतड्यात रोज ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातले २ लिटर आपण प्यायलेले, बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे. शौचावाटे जाते ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर फेकायला लावते आणि माणूस काही तासांत सुकून मरू शकतो. नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही. नुसते मीठपाणीही नाही. १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरते ते सोडियमला बरोबर घेऊनच. हे दार कॉलऱ्यातही शाबूत राहते. मीठ आणि साखर एकत्र दिली की दोन्ही आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. १९६८ मध्ये ढाक्याला डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी तोंडावाटे दिलेल्या अशा द्रावणाने कॉलऱ्याचे रुग्ण सांभाळता येतात हे दाखवले.

तरीही डॉक्टरांचा विश्वास सलाइनच्या बाटलीवरच होता. तो बदलला १९७१ मध्ये. बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात डॉ. दिलीप महालनोबीस यांना जमिनीवर दाटीवाटीने पडलेल्या रुग्णांमधून वाट काढावी लागत होती, आणि सलाइन संपत आले होते. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांच्या पुड्या कोलकात्यात तयार करवून आणल्या, त्या पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि नातेवाइकांच्या हातांनी रुग्णांना पाजायला सुरुवात केली. आधी शंभरातले तीसजण दगावत होते. या उपचाराखाली हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले, तेही २०२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. हा उशीर मला बोचतो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांचे नाव ठळकपणे असायला हवे.

घरी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर वाढवू नका. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीतली गोड थंड पेये म्हणूनच या कामाची नाहीत.

मूत्रपिंडातली साखर-सोडियमची हीच जोडी अडवणारी औषधे आता मधुमेहात सर्रास दिली जातात. त्यांचे मूळ १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून काढलेल्या फ्लोरिझिन या द्रव्यात आहे. त्याने लघवीत साखर येते हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवले, तेच स्ट्रासबर्गचे मेरिंग. ही औषधे साखर लघवीवाटे जाऊ देतात, तिच्याबरोबर सोडियम आणि पाणीही जाते, आणि हृदयाचा भार हलका होतो. २०१५ मध्ये त्यांतल्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी आढळले. पण जुलाब, उलट्या किंवा कडक उपवास असेल तेव्हा या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आता पुन्हा तहानेकडे येते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. सत्तरीच्या माणसाचे रक्त घट्ट झालेले असते, तरी तो पाणी मागत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात घरातल्या आजी-आजोबांच्या हाती तहान नसतानाही पेला द्यायला हवा. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून प्यायला सांगितलेले असेल, तर अर्थात त्या मापाने. आणि तहान असूनही न पिणाऱ्या आहेत आपल्या शेतांतल्या, उसाच्या फडांतल्या, बाजारात बसणाऱ्या बायका. लघवीला आडोसा नाही म्हणून त्या दिवसभर पाणी टाळतात. हायपोथॅलॅमस आपले काम चोख करत असतो आणि गाव त्याला उत्तर देत नाही. यावर औषध नाही. फडाजवळ, बाजाराजवळ स्वच्छ मुतारी बांधावी लागेल, आणि ते काम इथे बसलेल्या पंचायत सदस्यांच्या हातात आहे.

इथे शिक्षकही बरेच आहेत. वर्गातले मूल वारंवार पाणी मागत असेल, वारंवार बाहेर जात असेल आणि वाळत असेल, तर पालकांना त्याच दिवशी निरोप द्या. आणि ज्या घरात टाइप १ चे मूल आहे त्यांनी एवढे पक्के करावे: मूल आजारी पडले, जेवेनासे झाले, तरी इन्सुलिन पूर्णपणे बंद करायचे नाही. जेवण नसले तरी यकृत साखर सोडतच असते आणि तापात आणखी सोडते. साखर आणि कीटोन तपासत राहायचे, घोट घोट पाणी देत राहायचे, डोस किती ते डॉक्टरांना फोन करून विचारायचे. उलटी थांबत नसेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.